पोस्टिंगचे तीन तास अभ्यासात का धरत नाहीस?

तू लिहिलंस ते आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला नीट कळलंय की नाही ते तुला ताडून बघता येईल. तू एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला आहेस. रोज डोंबिवलीहून भायखळ्याला येतेस. सकाळी ९ ते १२ मेडिसिनची पोस्टिंग, म्हणजे वॉर्डात पेशंटपाशी शिकायचे तास, त्यानंतर पॅथॉलॉजी (आजाराने शरीरात काय बदलतं ते), फार्मा (औषधशास्त्र) आणि मायक्रोची (जंतुशास्त्राची) लेक्चर्स, प्रॅक्टिकल्स. घरी पोचायला साडेसात होतात. जेवून पुस्तक उघडलं की दहाव्या पानावर डोळे मिटतात. पोस्टिंगमध्ये वेळ वाया जातो असं तुला वाटतं. तो भरून काढायला तू चार महिन्यांपासून मित्रमैत्रिणींना भेटणं बंद केलंस, तरी पहिल्या टर्मिनल परीक्षेत फार्मात नापास झालीस. शेवटी तू विचारलंयस की शाळेतल्या मैत्रिणीचा साखरपुडा दुसऱ्या टर्मिनलच्या बरोबर बारा दिवस आधी, रविवारी आहे, तर जावं की नाही.

तुला अगंतुगं करते, कारण माझ्या वॉर्डात उभ्या राहणाऱ्या मुली तुझ्याच वयाच्या असतात. मी तेवीस वर्षं मेडिसिन शिकवतेय, आणि त्याआधी याच मध्य रेल्वेने जा-ये करत याच शहरात शिकले.

वेळ कमी आहे हे खरंच आहे, त्यावर मी वाद घालणार नाही. पण तुझ्या लिहिण्यात मला दुसरीच गोष्ट दिसली. अभ्यास म्हणजे रात्री टेबलापाशी बसून जे होतं तेवढंच, असं तू धरलंयस. मग वॉर्ड त्या अभ्यासाचा वेळ खातो, लोकल खाते, मैत्रिणी खातात. असा हिशेब मांडला की दिवसाचे बारा तास तोट्यात जातात आणि सगळा भार रात्रीच्या त्या दीड तासावर पडतो. दमलेल्या माणसाला तो पेलणं शक्यच नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की सकाळचे तीन तास अभ्यासात धर. ते धरता येतात, आणि कसे ते मी पुढे सविस्तर सांगते.

त्याआधी, यातलं काय परिस्थितीवर अवलंबून आहे तेही बोलून टाकते. हॉस्टेलवर राहणाऱ्याचे प्रवासाचे अडीच-तीन तास वाचतात, पण त्याला घरचं जेवण आणि रात्रीची शांतता मिळत नाही. घरी आजारी माणूस असेल, धाकट्या भावंडांची जबाबदारी असेल किंवा फीसाठी शिकवण्या घ्याव्या लागत असतील, तर मी खाली दिलेला हिशेब जसाच्या तसा जुळणार नाही. वॉर्डातली युनिटही, म्हणजे डॉक्टरांच्या तुकड्याही, सारखी नसतात. कुठे लेक्चरर रोज बेडसाइड क्लिनिक, म्हणजे खाटेपाशी वर्ग, घेतात, कुठे आठवड्यातून दोनदाच होतं. तू यातलं फार काही लिहिलेलं नाहीस, म्हणून घरी दोन वेळचं जेवण तयार मिळतं आणि युनिट मध्यम शिकवणारं आहे असं धरून चालते.

आता वॉर्ड. तू लिहिलंयस, 'आम्हाला परीक्षेला पॅथ, फार्मा, मायक्रो आहे आणि सकाळी मेडिसिनच्या वॉर्डात उभं करतात, त्याचा काय उपयोग?' दुसऱ्या वर्षाची प्रत्येक बॅच हा प्रश्न विचारते. मला तो रास्त वाटतो, कारण वॉर्डात काय बघायचं हे तुम्हाला कुणी नीट सांगितलेलंच नसतं.

एक उदाहरण घेऊ. मुंबईत पाऊस सुरू झाला की मेडिसिनचे वॉर्ड तापाच्या पेशंटनी भरतात. मलेरिया, डेंग्यू, लेप्टोस्पायरोसिस. समज, सातव्या खाटेवर एक वॉचमन आहे. चालू बांधकामाच्या जागी राहतो, चार दिवस थंडी वाजून ताप येतोय आणि केसपेपरवर व्हायवॅक्स मलेरिया लिहिलंय. तू त्याच्याशी वीस मिनिटं बोललीस. मग केसपेपर उघडलास. सीबीसीत, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीत, प्लेटलेट्स कमी. त्या का कमी झाल्या, प्लीहा का वाढते, हिमोग्लोबिन का उतरतं, हे तुझं पॅथॉलॉजी. स्मिअरमध्ये, म्हणजे काचेवर पसरलेल्या रक्ताच्या थेंबात, काय दिसलं असेल? मोठी झालेली तांबडी पेशी, आत परजीवीची रिंग, शफनर डॉट्स नावाचे ठिपके. हे तुझं मायक्रो. औषधांच्या कागदावर क्लोरोक्विन तीन दिवस आणि प्रायमाक्विन चौदा दिवस. एकाच जंतूला दोन औषधं कशाला? कारण क्लोरोक्विन रक्तातले परजीवी मारतं, पण व्हायवॅक्सचे हिप्नोझोइट्स, म्हणजे सुप्त परजीवी, यकृतात दडून राहतात आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी पुन्हा ताप आणतात. त्यांच्यासाठी प्रायमाक्विन. आणि ते सुरू करण्याआधी जीसिक्सपीडी या एन्झाइमची तपासणी का लिहिली? कारण ते एन्झाइम कमी असलेल्या माणसाच्या तांबड्या पेशी प्रायमाक्विनने फुटतात. हे सगळं तुझं फार्मा आहे, ज्यात तू नापास झालीस.

मलेरियाविरोधी औषधांचं ते प्रकरण तू टर्मिनलसाठी दोन-तीनदा तरी वाचलं असशील. पण तक्ता पाठ केला की दोन रकाने हमखास एकमेकांत मिसळतात. सातव्या खाटेवरच्या माणसाचे डोस मिसळत नाहीत, कारण त्यांच्यामागे एक चेहरा असतो, एक आवाज असतो. तो तुला सांगतो की इमारतीच्या पाण्याच्या टाक्यांवर झाकण नाही, आणि पुढच्या वर्षी कम्युनिटी मेडिसिनमध्ये अॅनोफिलिस स्टिफेन्साय हा शहरातला डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो असं वाचशील तेव्हा तुला त्या टाक्या आठवतील.

मी स्वतः हे फार उशिरा शिकले. मायट्रल स्टेनोसिस (हृदयाची एक झडप अरुंद होणं) हा विषय मी तीनदा वाचला होता आणि त्यातला मिड-डायस्टोलिक मर्मर, म्हणजे हृदयाचा जादा आवाज, नेमका कसा ऐकू येतो ते मला एकदाही उमगलं नव्हतं. शेवटच्या वर्षाच्या पोस्टिंगमध्ये एक अठ्ठावीस वर्षांची बाई दाखल होती. घरी पापड लाटायची, चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहायची. मला म्हणाली, 'जिना चढताना दुसऱ्या मजल्यावर बसावं लागतं, आणि रात्री दोन उशा लागतात. एका उशीवर झोपले की श्वास कोंडतो, मग उठून खिडकीशी बसते.' ऑर्थोप्नियाची, म्हणजे आडवं पडलं की लागणाऱ्या धापेची, व्याख्या मला पाठ होती, पण त्या दिवशी ती दोन उशांत आणि एका खिडकीत बसली. आमच्या रेसिडेंट (पदव्युत्तर शिकणाऱ्या डॉक्टर) मॅडमनी तिला डाव्या कुशीवर वळवलं, श्वास सोडून थांबायला सांगितलं, स्टेथोची बेल एपेक्सवर, हृदयाच्या टोकापाशी, अगदी हलकी टेकवली आणि मला म्हणाल्या, 'लांबवर गाडी धडधडत जातेय असं वाटतंय का?' मला काहीच ऐकू आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. पाचव्या दिवशी ऐकू आलं. त्यानंतर ती घरी जाईपर्यंत मी रोज दोन मिनिटं तिच्यापाशी जात होते. त्या बाईला लहानपणी घसा दुखून सांधे सुजले होते, आणि झडप त्यातूनच बिघडली होती. घशातला जंतू स्ट्रेप्टोकोकस, हृदयातली अॅशॉफ बॉडी नावाची खूण आणि दर तीन आठवड्यांचं बेन्झाथिन पेनिसिलिन, असे तुझे तिन्ही विषय तिच्या एका आजारात आहेत. मी दुसऱ्या वर्षाला असताना असे पेशंट माझ्या समोरून गेले असतील आणि मी घड्याळाकडे बघत उभी असेन, याची मला आजही खंत आहे.

म्हणून रोज एक पेशंट घे. पाच नकोत. सात जणींचा घोळका एका खाटेभोवती उभा राहिला की मागच्या तिघींना काही ऐकू येत नाही आणि पेशंट बिचारा कंटाळतो. तुम्ही दोघी-दोघी वाटून घ्या. आधी त्याची परवानगी विचार, स्टूल ओढून बस, तो जेवत असेल किंवा त्याला धाप लागली असेल तर नंतर ये. हा सभ्यपणा तर आहेच, पण बसून ऐकणाऱ्या मुलीला पेशंट जास्त सांगतो हेही मी पाहिलंय. इतिहास तू स्वतः घे, केसपेपर आधी वाचू नकोस. निदान आधी कळलं की आपण तेवढेच प्रश्न विचारतो. मग केसपेपर बघ, आणि एप्रनच्या खिशात मावेल अशा वहीत तीन प्रश्न लिही. एक त्याच्या रक्ताच्या रिपोर्टवरून, एक जंतूवरून, एक औषधावरून. नाव, नोंदणी क्रमांक लिहायचा नाही आणि फोनवर फोटो काढायचा नाही. रात्री आधी त्या तीन प्रश्नांची उत्तरं वाचायची. पंचेचाळीस मिनिटं पुरतात, आणि कशाच्या शोधात वाचतोय हे माहीत असलं की झोप उशिरा येते.

रेसिडेंटकडून शिकायचं असेल तर वेळ ओळखावी लागते. सकाळी राउंडच्या धामधुमीत प्रश्न विचारलास तर उत्तर तुटक मिळेल, आणि त्यात त्याचा दोष नाही. तो कदाचित काल सकाळपासून झोपलेला नसतो. साडेअकराच्या सुमाराला, तो नोट्स लिहायला टेबलाशी बसला की जा आणि सगळं 'शिकवा ना सर' म्हणण्यापेक्षा एकच नेमका प्रश्न विचार. 'सात नंबरला जीसिक्सपीडीचा रिपोर्ट आला का? आला नसेल तर प्रायमाक्विन थांबवतात का?' असं विचारणाऱ्या मुलीला कुठलाही रेसिडेंट पाच मिनिटं देतो. युनिटचा इमर्जन्सी डे, म्हणजे तातडीचे पेशंट घ्यायचा दिवस, कुठला आहे तेही बघून ठेव. त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी वॉर्डात सगळ्यात ताजे पेशंट असतात, निदान अजून पक्कं झालेलं नसतं आणि विचार कसा करतात ते उघड्यावर बघायला मिळतं. आठवड्यातला एखादा दिवस मनापासून वॉर्डाला द्यायचा तर तो हा. आणि सिस्टर आणि मावशींशी ओळख ठेव. रात्री कोण पेशंट बसून होता हे त्यांना आधी माहीत असतं.

पण सगळं वॉर्डातून येत नाही. जनरल फार्माकॉलॉजी, औषधाचं हाफ-लाइफ, स्टरिलायझेशन, इम्युनॉलॉजी, निओप्लाझियाचं (गाठींचं) मूळ प्रकरण, हे पुस्तकातूनच करावं लागतं, आणि त्यासाठी सलग वेळ लागतो. तो कामाच्या दिवशी रात्री मिळत नाही, शनिवार-रविवारी मिळतो. म्हणून रात्री सलग विषय वाचायचा हट्ट सोड. रात्री फक्त वॉर्डचे तीन प्रश्न आणि दिवसभराच्या लेक्चरची उजळणी.

उजळणी म्हणजे पुन्हा वाचणं नव्हे. तुझी खरी चूक बहुतेक इथे होतेय, कारण तू लिहिलंयस की फार्मा 'चार वेळा वाचून झालं होतं'. २००६ साली रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. काहींनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी वाचल्यावर पुस्तक मिटून आठवेल ते लिहून काढलं. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे होते. चौथ्या वाचनात सगळं ओळखीचं वाटतं, आणि ओळखीचं वाटणं म्हणजे येणं अशी आपली समजूत होते. व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, परीक्षक समोर बसले की ओळखीचं असून काही उपयोग नसतो, ते तोंडातून यावं लागतं.

आणि आठवायला पुस्तक लागत नाही. डोंबिवलीहून सकाळच्या फास्टमध्ये लेडीज डब्यात पुस्तक उघडायला हात मोकळा नसतो, हे मला कुणी सांगायला नको. पण ठाण्यापर्यंत उभ्याउभ्या मनात काल रात्रीचे तीन प्रश्न म्हणता येतात. अडलं तिथे अडलं, भायखळ्याला उतरून प्लॅटफॉर्मवर वही काढून बघायचं. परतीचं मात्र वेगळं. संध्याकाळी तू भायखळ्याला फास्ट पकडून लोंबकळत घरी जातेस असं लिहिलंयस. आठवड्यातून दोन-तीन दिवस तरी उलट्या दिशेने सीएसएमटीला जा आणि तिथून सुटणाऱ्या गाडीत बसून ये. वीस-पंचवीस मिनिटं जास्त लागतील. पण बसायला मिळालं तर त्या तासात झोप. खिडकी मिळाली काय आणि चौथी सीट मिळाली काय, झोप. घरी आल्यावर दहाव्या पानावर डोळे मिटतात त्यावरचा हा उपाय आहे, आणि शिकत होते तेव्हा मी तो वर्षभर केला.

आता तुझ्या आठवड्याचा हिशेब मांडू. रात्री साडेआठ ते दहा, असा दीड तास, पाच दिवस: साडेसात तास. शनिवारी दुपारनंतर तीन, रविवारी सकाळी चार. एकूण साडेचौदा तास टेबलापाशी, आणि पोस्टिंगचे पंधरा तास, जे आता वाया गेलेले नाहीत. पावणेअकराला झोपून साडेपाचला उठलीस तर पावणेसात तासांची झोप होते. ती कापू नकोस. दिवसा शिकलेलं पक्कं व्हायचं काम झोपेत चालू असतं, हे तुला पहिल्या वर्षी फिजिओलॉजीत शिकवलंय. रविवारी दुपारपासून रात्रीपर्यंतचा वेळ मी मुद्दाम मोकळा ठेवलाय, त्याचं पुढे सांगते. आणि थिअरीला ७५ टक्के, प्रॅक्टिकल आणि क्लिनिकलला ८० टक्के हजेरी लागते, त्यामुळे पोस्टिंग बुडवून लायब्ररीत बसायचा विचार मनात असेल तर तो काढून टाक. डिफॉल्टर लिस्टमध्ये नाव लागलं की मग सह्यांसाठी फिरण्यात जो वेळ आणि जीव जातो तो कुठल्याच हिशेबात बसत नाही.

आता मैत्रिणी. तू जे चार महिने केलंस ते मी दीड वर्ष केलं होतं. माझी एक मैत्रीण होती, एकाच चाळीत वाढलो, दहावीपर्यंत एका बाकावर बसलो. दुसऱ्या वर्षी मी तिला सांगितलं की आता परीक्षेपर्यंत भेटू नको. परीक्षा झाल्यावर दुसरी परीक्षा आली. मग एक दिवस भाजी आणायला गेले तेव्हा तिची आई भेटली, कपाळ मोकळं. तिचे बाबा जाऊन दोन महिने झाले होते. मी तिच्याकडे धावत गेले, तेव्हा ती शांतपणे म्हणाली, 'तू अभ्यासात असशील म्हणून कळवलं नाही.' ती रागावली नव्हती, आणि त्यामुळेच ते वाक्य मला अजून सोडत नाही. माझ्या आजारपणात तिच्या बाबांनी मला खांद्यावर उचलून दवाखान्यात नेलं होतं, आणि त्यांच्या दहाव्याला मी नव्हते.

त्या दीड वर्षात माझे मार्कही वाढले नाहीत. का, याचा मी नंतर पुष्कळ विचार केला. भेटी बंद करून जे तास वाचले ते अभ्यासाला गेलेच नाहीत. मी टेबलापाशी बसत होते, पान उलटत नव्हते आणि 'आपण तर कुठे गेलोही नाही' या समाधानावर झोपत होते. माझ्या विद्यार्थ्यांतही मी हेच बघत आलेय. मेडिकलच्या मुलाचं संध्याकाळचं डोकं थकलेलं असतं. त्याला आणखी एक तास दिला म्हणून त्यातून तासभराचं काम निघत नाही.

दुसरंही एक कारण आहे आणि ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. दिवसभर तुम्ही बॅचमेट्सबरोबर असता, त्यांच्याशीच जेवता, त्यांच्याशीच बोलता. ती मैत्री मोलाची आहे, पुढे आयुष्यभर पुरते. पण हळूहळू तुमची भाषा फक्त आपसात कळेल अशी होते. मग पेशंटला 'डिस्प्निया आहे का' असं नाही, तरी 'श्वसनाला त्रास होतो का' असं पुस्तकी काहीतरी विचारता. तो म्हणतो नाही, कारण त्याला दम लागतो. कुणी म्हणतं छातीत भरून येतं, कुणी म्हणतं जीव घाबरा होतो, कुणी नुसतंच म्हणतं कसंतरी होतं. अंगावरून पांढरं जातं हे बाई दहा मिनिटं घुटमळून मग सांगते. बँकेत काम करणाऱ्या मैत्रिणीशी, दुकान चालवणाऱ्या काकांशी, मंडळाच्या पोरांशी बोलत राहिलीस तर हे कान शाबूत राहतील. इतिहास घेणं हे शेवटी माणसांशी बोलणं आहे, आणि जी मुलगी चार महिने साध्या माणसांशी बोललीच नाही तिला ते वॉर्डात एकदम कसं जमेल?

करायचं काय, तर आठवड्यातली एक वेळ माणसांसाठी ठरवून ठेव. मी वर रविवार दुपार म्हटलं, तुला दुसरी सोयीची असेल तर ती घे. मात्र ती आधी ठरलेली हवी. 'वेळ मिळाला की भेटू' म्हटलं की वेळ मिळत नाही, आणि गेलीसच तर सगळा वेळ पुस्तकाची टोचणी लागते. टर्मिनल, प्रिलिम, युनिव्हर्सिटीच्या तारखा कळल्या की जवळच्या तीन-चार जणांना सांगून टाक: या पंधरा दिवसांत मी नसेन, त्यानंतरच्या रविवारी नक्की. मेडिकलबाहेरच्या लोकांना आपल्या परीक्षा कळत नाहीत, पण तारीख कळते. लग्नकार्यातही सगळं किंवा काहीच नाही असं नसतं. हळद, संगीत सोडून मुहूर्ताला दोन तास गेलीस तर कुणी नावं ठेवत नाही. कॉलेजच्या फेस्टमध्ये एक गोष्ट कर, सगळ्या समित्यांवर नाव देऊ नकोस. आईशी रोज दहा मिनिटं बोल, जेवताना, समोर पुस्तक न ठेवता.

तब्येतीचं थोडक्यात, पण हे हलक्यात घेऊ नकोस. शेवटच्या वर्षी मला प्रिलिमच्या आधी तीन आठवडे खोकला होता. संध्याकाळी कणकण यायची, मी पॅरासिटामॉल घेऊन वाचत बसायचे. पेशंटमध्ये हीच लक्षणं असती तर मी क्षणात टीबी म्हटलं असतं. छातीचा फोटो काढला तेव्हा उजव्या बाजूला पाणी होतं. सहा महिने गोळ्या घेतल्या, बरी झाले, पण एक टर्म गेली. दोन आठवड्यांवर खोकला गेला की थुंकी तपासायची, हा नियम जसा पेशंटला तसा तुला. हिपॅटायटिस बीचे तीन डोस पूर्ण झाले नसतील तर या आठवड्यात बघून घे. सुई टोचली तर लाजून गप्प बसायचं नाही, त्याच तासाला कॅज्युअल्टीत सांगायचं, कारण एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं जितक्या लवकर सुरू होतील तितकी बरी आणि ७२ तासांनंतर ती सुरू करण्यात अर्थ राहत नाही. आणि सर्जरीची पोस्टिंग लागली की ओटीत उपाशी पोटी उभी राहू नकोस.

तुझ्या लिहिण्यातल्या एका ओळीवर मी थांबले. 'हल्ली कशातच मन लागत नाही, सकाळी उठल्यावर रडू येतं.' तू ते जाता जाता लिहिलंयस. हे आठवड्यातून एखाद्या दिवशी होत असेल तर ते थकव्याचं असू शकतं, झोप आणि माणसं परत मिळाली की ओसरतं. पण दोन आठवड्यांहून जास्त, जवळजवळ रोज होत असेल, झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, तर तो वेळापत्रकाचा प्रश्न नाही आणि माझं वरचं काहीही त्यावर लागू पडणार नाही. मग मानसोपचार विभागात जा. आपल्याच कॉलेजात जायला संकोच वाटत असेल तर दुसऱ्या हॉस्पिटलच्या ओपीडीत जा. टेली मानस ही सरकारी सेवा १४४१६ या नंबरवर चोवीस तास असते, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. जगणं नकोसं वाटतं असा विचार एकदाही आला असेल तर उद्यावर ढकलू नकोस, आजच फोन कर आणि घरात कुणाला तरी शेजारी बसव. वर्ष मागेपुढे झालेले कितीतरी डॉक्टर माझ्याबरोबर काम करतात, पेशंटला त्यातलं काही माहीत नसतं.

राहिला साखरपुडा. जा. टर्मिनलच्या बारा दिवस आधी म्हणजे त्या रविवारचे चार तास जातील. ते तू आधीच्या दोन शनिवारी दोन-दोन तास जास्त बसून काढ, आणि त्या शनिवारांना जनरल फार्माकॉलॉजी घे, कारण तेच तुझ्याकडून वॉर्डात होणार नाही. सकाळी विधीच्या आधी पोच, जेवून चारपर्यंत नीघ. पर्समध्ये नोट्स नेऊ नकोस. तिथे कुणी 'आमच्या गुडघ्याचं काय करू' विचारलं तर ऐकून घे. किती दिवस, जिना चढताना की उतरताना, सकाळी जास्त की संध्याकाळी, एवढं विचार, आणि औषध सुचवू नकोस. मैत्रिणीला मात्र आज रात्रीच फोन कर. चार महिन्यांनी करते आहेस, तर आधी तिचं ऐक, मग येतेय म्हणून सांग. त्यांना हॉलवाल्याला जेवणाच्या पानांचा आकडा द्यायचा असेल.